जिथे गाडीला थांबावं लागतं

इथरच्या वासाने डोकं जड होतं. जाड काळ्या कापडाच्या तंबूत तुम्ही गुडघे टेकून बसला आहात आणि एका पिवळ्या झरोक्यातून येणाऱ्या अंधुक उजेडात काचेच्या पाटीवर कलोडियन ओतता आहात. पाटी एकेका कोपऱ्याकडे कलती करायची, द्रव सगळीकडे सारखा पसरला की उरलेला बाटलीत परत घ्यायचा आणि लगेच पाटी सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. बोटं काळी पडतात आणि तो डाग सहजी जात नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन आहे. साल 1863. तुम्ही खंडाळ्याच्या खाली, बोरघाटातल्या एका अरुंद सोंडेवर आहात. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणतात.

पाटी ओली आहे तोवरच तिच्यावर चित्र उमटणार. या उन्हात ती फार वेळ ओली राहत नाही. तंबूतून कॅमेऱ्याकडे धावायचं, भिंगावरचं झाकण काढायचं, मनातल्या मनात सेकंद मोजायचे, झाकण लावायचं, पुन्हा तंबूत शिरून पाटीवर औषध ओतायचं. धुवायला पाणी हवं, आणि मे महिन्यात घाटमाथ्याखाली पाणी डोक्यावरून आणावं लागतं. एवढ्या सगळ्या उठाठेवीत समोरची वस्तू जागची हलता कामा नये. धावत्या गाडीचा फोटो या साधनाने निघतच नाही. गाडी पाटीवर उमटत नाही, उरतो तो रुळांवरचा धुरकट पट्टा.

म्हणूनच तुम्ही इथे आलात. इथे गाडीला थांबावंच लागतं. पळसदरीकडून चढत आलेली गाडी या सोंडेच्या टोकाशी पोचते आणि पुढे जमीन संपते. वळण घ्यायला जागा नाही. मग इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं, आतापर्यंत शेवटी असलेला डबा पहिला होतो आणि गाडी उलट्या दिशेने खंडाळ्याकडे चढू लागते. इंजिन सुटून पुन्हा जोडलं जाईपर्यंत डबे तिथे स्थिर उभे असतात. पाण्याचा, कोळशाचा, साखळदंडांचा आवाज येत राहतो, उतारू खाली उतरून पाय मोकळे करतात. तुमच्या काचेला लागतात तेवढे सेकंद इथे मिळतात. खाली मुंबईपासून वर पुण्यापर्यंत घाटाच्या इतक्या मधोमध गाडी अशी निवांत उभी राहण्याची दुसरी जागा या वर्षी नाही.

डोळ्यांसमोरचं नीट पाहून घ्या, पाटीवर सगळं येणार नाही. सुमारे 25 किलोमीटरचा हा चढ 1831 फूट उंची गाठतो. काही ठिकाणी दर 37 फुटांमागे एक फूट चढ आहे. 25 बोगदे, 8 मोठे दगडी पूल. गेल्याच महिन्यात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं आणि आता मेमध्ये उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. त्याआधीची पाच वर्षं फार विचित्र होती. खालून रेल्वे घाटाच्या पायथ्यापर्यंत यायची, वरून 1858 पासून खंडाळ्याहून पुण्याला जायची, आणि मधला डोंगर लोक पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून पार करायचे. तुमच्या बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हमालाने त्या पालख्यांना खांदा दिलेला असेल. त्याला विचारा, तो चढाची एकेक पायरी सांगेल.

तुम्ही या घाटात कॅमेरा आणणारे पहिले नाहीत. तुमच्याआधी अ‍ॅलिस ट्रेडवेल येऊन गेली आहे. विल्यम फेव्हिएल या ठेकेदाराने काम सोडल्यावर 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. त्याच्या विधवेने परत जायचं नाकारलं. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांना हाताशी धरून तिने नवऱ्याचा ठेका पुरा केला आणि काम चालू असताना त्याचे फोटोही काढले. मला या घाटाच्या इतिहासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. रेल्वेचे फोटो काढणं हा पुरुषांचा छंद आहे, असं आजही गृहीत धरलं जातं. आणि बोरघाटातल्या अगदी आरंभीच्या फोटोंपैकी कितीतरी एका बाईच्या काळ्या पडलेल्या बोटांनी घडवले आहेत. तिच्या चौकटीत अर्धवट कमानी आहेत, फोडलेला कातळ आहे, लाकडी परांच्या आहेत. जे उभं आहे आणि हलत नाही, तेच तिला मिळणार होतं.

हलणारी होती ती माणसं. 1861 मध्ये या उतारावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पटकी, ताप, दरीत कोसळणं, सुरुंग. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून ते उठले होते. त्यांच्यापैकी फार थोड्यांचे चेहरे काचेवर राहिले, कारण ज्याला दगड उचलायचा असतो तो सेकंद मोजत स्तब्ध उभा राहू शकत नाही. जुना फोटो बघताना एखाद्या कमानीखाली पुसट सावली दिसली तर थांबा. तिथे कुणीतरी होतं.

घाटाच्या सडकेवर शिंग्रोबाचं ठाणं आहे. साहेबांना डोंगरातून वाट सापडेना तेव्हा गुरं चारणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखवली आणि त्यापायी त्याचा जीव गेला, अशी कथा घाटात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिला कागदाचा पुरावा मागत बसू नका. गाडीवान तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्हीही टाका, आणि तंबू आवरा. पावसाळा येतो आहे. चार वर्षांनी, 1867 च्या पावसाळ्यात, या मार्गावरचा एक मोठा पूलच कोसळणार आहे.

आता डोळे मिटा आणि 67 वर्षं पुढे या.

1930 चा जून. पाऊस अजून पोचलेला नाही, पण हवा दाटली आहे. इथरचा वास गेला. गळ्यात पट्ट्याने लटकवलेली एक चौकोनी पेटी आहे, कोडॅकचा ब्राउनी. पोटाशी धरायची, वरच्या इवल्या काचेत वाकून पाहायचं, खटका दाबायचा. तुम्ही सवयीने आधी रिव्हर्सिंगकडे वळता आणि थबकता. तिथे कुणी नाही. मागच्या वर्षी, 1929 मध्ये, डोंगर पोखरून नवी वाट काढली गेली आणि रिव्हर्सिंगची गरज संपली. साठ-पासष्ट वर्षं जिथे प्रत्येक गाडी उभी राहिली, ज्या सोंडेवर 1869 च्या जानेवारीत ब्रेक न लागलेली मेल गाडी सुसाट येऊन आदळली होती, ती जागा आता गवताची झाली आहे. त्या अपघाताचा विचार केला की जागा बंद झाल्याचं वाईट वाटून घेता येत नाही. पण फोटो काढणाऱ्याच्या हातून एक हक्काचं ठिकाण गेलं हेही खरं, आणि यापुढे हेच पुन्हा पुन्हा होणार आहे. ज्या अडचणीमुळे गाडी थांबते किंवा मंदावते तीच अडचण फोटोची जागा घडवते, आणि ती दूर करण्यासाठीच तर रेल्वेचे इंजिनिअर असतात.

तेव्हा खंडाळ्याकडे चला. अलीकडच्या एका वळणावर, रुळांपासून लांब, उंच धोंड्यावर बसा. डोक्यावर तारा आहेत. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी धावली, आणि 1929 अखेर ही वीज घाट चढून पुण्यापर्यंत आली. खालून घरघर येते, पण धूर दिसत नाही. आधीच्या पिढीचे लोक गाडी कुठे आहे हे धुरावरून ओळखत. तुम्हाला कानांवर विसंबावं लागतं.

आधी मालगाडी येते. तिचं इंजिन पाहून हसू नका, त्याने घाट बदलला आहे. मध्ये उंच खोली, पुढेमागे लांब नाकं, खाली चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी दांड्या गोल फिरत आहेत आणि वळणावर ते अंग मोडून वळतं. स्वित्झर्लंडच्या डोंगरांसाठी तिथल्या कारखान्याने घडवलेल्या नमुन्यावरचं हे इंजिन, आणि आपल्या रेल्वेतल्या माणसांनी त्याला नाव दिलं खेकडा. दांड्या खालच्या बिंदूला येतील त्या क्षणी खटका दाबा. दांड्या वर असल्या की इंजिन अडखळल्यासारखं दिसतं. हे ज्याने खेकड्याचे फोटो काढलेत त्याला सांगावं लागत नाही.

मग डेक्कन क्वीन. या महिन्याच्या 1 तारखेलाच सुरू झालेली. सात डब्यांच्या दोन गाड्या बांधल्या आहेत. एक चंदेरी, तिच्यावर लाल पट्ट्या. दुसरी गडद निळी, सोनेरी रेघांची. आत पहिला आणि दुसरा वर्गच आहे. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला तिच्यात चढायला अजून पंचवीस वर्षं थांबावं लागणार. तुमच्या ब्राउनीचा पडदा फार सावकाश उघडमिटतो. बाजूने जाणारी गाडी त्यात पुसली जाते. म्हणून तिच्या आडव्या अंगावर नेम धरू नका, वळणाच्या अशा टोकाला बसा की ती जवळजवळ सरळ तुमच्याकडे येताना दिसेल. समोरून येणारी वस्तू चौकटीत कमी सरकते. वळण आणि चढ दोन्ही जिथे एकत्र येतात तिथे हे जमतं, आणि घाटात तशी वळणं मोजकीच आहेत.

खटका दाबलात. पण धुतलेला फोटो हातात येईल तेव्हा एक नवल दिसेल. त्या काळच्या साध्या फिल्मला लाल रंग दिसत नाही, तो काळा उमटतो. चंदेरी डब्यांवरच्या लाल पट्ट्या तुमच्या फोटोत शोकाच्या काळ्या फिती होऊन बसणार आहेत. जुन्या फोटोवरून गाडीचे रंग ठरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता घाट सोडा. मुंबई-पुण्याच्या गाड्यांना पाहणारे पुष्कळ आहेत. मला तुम्हाला अशा ठिकाणी न्यायचं आहे जिथे फारसं कुणी गेलं नाही, आणि जिथे आता जाऊन काही मिळणारही नाही. म्हणून काळातूनच जायला हवं.

1975 चा हिवाळा. येडशीजवळचं रामलिंग. बालाघाटाच्या कडेला दरीत उतरलेलं महादेवाचं देऊळ, भोवती वानरं, उतारावर सीताफळीची झाडं. रावणाने जखमी केलेल्या जटायूला पाणी मिळावं म्हणून रामाने इथे बाण मारला, असं पुजारी सांगतात. सकाळची थंडी आहे, पाठीवर ऊन बरं वाटतं. तुमच्या हातात आग्फा क्लिक थ्री आहे, बडोद्याला बनणारा. बारा फोटो. दोनच खुणा, ऊन आणि ढग. आणखी काही ठरवायचं नाही, फक्त कुठे उभं राहायचं ते ठरवायचं.

दरीच्या पलीकडून शिट्टी येते. बारकी, उंच आवाजाची. बार्शी लाइट रेल्वेची गाडी कुर्डुवाडीहून बार्शी मागे टाकून लातूरकडे निघाली आहे आणि बालाघाट चढते आहे. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. डबे इतके ठेंगणे की दारातला माणूस हात लांबवून फांदीची पानं तोडू शकेल. इंजिन वाफेचं आहे आणि त्याचा दम तुम्हाला मोजता येतो. एक, दोन, तीन, चार, जरा थांबून पुन्हा एक. थंड हवेत वाफ पांढरीशुभ्र दिसते, दुपारच्या उन्हात ती विरून जाते. म्हणून या मार्गाचे फोटो डिसेंबर-जानेवारीत आणि सकाळीच काढायचे.

ही गाडी कुणी खेळणं समजू नये. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू केला तेव्हा त्याने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली. वजन चाकांवर सारखं वाटलं, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तर हलक्या रुळांवरूनही भरघोस माल वाहता येतो. लीड्सच्या किटसन कारखान्याने त्याला आठ जोडलेल्या चाकांची इंजिनं याच हिशेबाने बांधून दिली. जगभरच्या छोट्या रेल्वे बांधणाऱ्यांनी बार्शीकडे पाहून धडे घेतले. मग मार्ग 1906 मध्ये पंढरपूरला गेला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला, आणि सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटर झाला. माथेरानच्या गाडीची वळणावर वाकणारी इंजिनंही याच कॅलथ्रॉपच्या डोक्यातून आली. पुढे त्याने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं. सोलापूर जिल्ह्यात शाळेच्या भिंतीवर या माणसाचं चित्र असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

गाडी आता देवळाच्या वरच्या अंगाला आली आहे. ती इतकी हळू चढते आहे की तुम्ही एक फोटो काढून, फिल्म पुढे फिरवून, दहा पावलं खाली पळून दुसरा काढू शकता. क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याला एवढी सवड देणारी गाडी दुसरी कोण? डब्याच्या दारात धोतर-टोपीतले चार जण पाय सोडून बसले आहेत, एकाच्या मांडीवर कोंबडी बांधलेली टोपली. ते तुम्हाला हात करतात. तुम्हीही करा, पण डाव्या हाताने. उजव्याने खटका दाबायचा आहे.

आषाढीला याच गाडीच्या पंढरपूरकडच्या फाट्यावर टपापर्यंत वारकरी बसलेले दिसतील आणि डब्यांचा रंगही कळणार नाही. ते फोटो पुष्कळांनी काढले आहेत, आणि काढावेतच. पण रामलिंगची ही चढण, सीताफळीच्या आडून दिसणारं हे काळं ठेंगणं इंजिन, हे फार थोड्यांनी पाहिलं. लातूर ते कुर्डुवाडी मार्ग 2007-08 मध्ये रुंद झाला. नवी वाट धाराशिव गावाला स्पर्श करून गेली आणि रामलिंगची जुनी वाट गाड्यांविना राहिली. धाराशिवच्या माणसाला स्टेशन मिळालं, त्याचा हक्कच होता तो. लातूरचा माणूस गाडी न बदलता मुंबईला जाऊ लागला. तुमच्या हातातल्या बारा फोटोंचं मोल मात्र त्याच दिवशी वाढलं.

आजकडे येताना वाटेत एक रात्र मूर्तिजापूरला काढा. तारीख 15 एप्रिल 1994. इथून एक छोटी गाडी यवतमाळला जाते, दुसरी अचलपूरला, आणि दोन्हीकडे माणसं तिला शकुंतलाच म्हणतात. कापसासाठी किलिक निक्सन कंपनीने घातलेला हा मार्ग. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं हीच वाट तुडवत आलं आणि आज त्याच्या जागी डिझेल येतं आहे. फलाटावर फारसा उजेड नाही. तुमच्याकडे आता चांगली रंगीत फिल्म आहे, पण फ्लॅश लावू नका. भट्टीचं दार उघडतं तेव्हा तांबूस उजेड फायरमनच्या हातांवर पडतो. तेवढ्यात जे येईल ते घ्या.

आणि आज.

पाठीवर डिजिटल कॅमेरा, सेकंदाचा दोन हजारावा भाग पकडणारा. ताशी शंभराच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतल्या माणसाच्या मिशाही त्यात स्पष्ट येतात. अ‍ॅलिस ट्रेडवेलच्या अडचणींतली एकही तुम्हाला नाही. मग उभं कुठे राहायचं?

सगळ्यांना माहीत असलेली ठिकाणं सोडून देऊ. दूधसागरच्या धबधब्यासमोरचा पूल, रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा 64 मीटर उंच पूल, यांचे फोटो प्रत्येक भ्रमणध्वनीत आहेत. तुम्ही कर्जत-खोपोली लोकल पकडा आणि पळसदरीला उतरा. बहुतेक लोक या स्टेशनावर फक्त सिग्नलची वाट पाहत बसलेले असतात, उतरत कुणी नाही. इथे मुख्य मार्ग घाटाकडे वर निघतो आणि खोपोलीचा फाटा वेगळा होतो. बाजूला धरणाचं पाणी आहे. गावातून वाट विचारत सोनगिरी किल्ल्याकडे चढा. फार मोठा किल्ला नाही, दिवस मोडत नाही. वर पोचल्यावर खाली कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेले रूळ दिसतात आणि गाडी चढाला लागताना दिसते, पुढे, मध्ये, मागे, पूर्ण. गाडीची सगळी लांबी एका चौकटीत बसावी अशी जागा सपाटीवर मिळत नाही. ऑक्टोबरात जा. पावसाने हवा धुतलेली असते, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, आणि डेक्कन क्वीन सकाळी उतरते तेव्हा ऊन अजून तिरपं असतं.

दुसरी जागा नागफणीचा सुळका. खंडाळ्याहून किंवा कुरवंड्याकडून चढता येतो. तिथून घाट खेळण्याच्या मांडणीसारखा दिसतो हे सगळेच सांगतात. मी सांगतो ते हे, की धुकं येईपर्यंत थांबा. ते दरीतून वर चढतं, रूळ नाहीसे होतात, मग धुक्यातून फक्त गाडीच्या दिव्याचा पिवळा ठिपका सरकताना दिसतो, आणि त्या क्षणी लांब पल्ल्याचं भिंग हातात नसेल तर फार हळहळ होते.

जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं घाटात काम करणाऱ्यांच्या तोंडी रोज असतात. उतरणाऱ्या गाडीला ठाकूरवाडी आणि मंकी हिलला थांबावं लागतं. तिथे बाजूला एक चढती वाट काढलेली आहे, आणि सांधा नेहमी तिच्याच बाजूला लावलेला असतो. ब्रेक सुटलेली गाडी आली तर ती दरीत न जाता त्या चढावर जाऊन थबकते. गाडी उभी राहिली, ब्रेक ठीक आहेत हे कळलं, की मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. 1869 च्या त्या आदळलेल्या मेलचा धडा आजही रोज असा पाळला जातो. या कॅबिनींच्या आसपास रुळांवरून चालत जाऊन फोटो काढणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि हात जोडून सांगतो, ते करू नका. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या माणसाला वारा गाडीचा आवाज कळू देत नाही. रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा राहू द्या. गँगमन रात्री-बेरात्री दरड पाहत फिरतो तो गाड्या नीट जाव्यात म्हणून, तुमचं शरीर उचलायला नव्हे.

त्या कॅबिनी पाहायच्या तर गाडीतूनच पाहा. पुण्याहून उतरणाऱ्या गाडीत दरीच्या बाजूची खिडकी धरा, दार नव्हे. ठाकूरवाडीला गाडी थांबली की कॅमेरा आधीच डोळ्याला असू द्या. कॅबिनची दारं, सांध्याची हालचाल, हिरवा झेंडा, कठड्यावरची वानरं, आणि पुढच्या वळणावर तुमच्याच गाडीचं इंजिन. 1863 ला तुम्ही ज्यासाठी तंबू ठोकला होता ती थांबलेली गाडी तुम्हाला इथे आतून मिळते. माझ्या लेखी महाराष्ट्रातली रेल्वे-फोटोची सर्वांत चांगली आणि सर्वांत कमी वापरलेली जागा हीच.

खेकडे गेले. त्यांच्यानंतर चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-2 इंजिनं सत्तरच्या दशकापासून घाटात गाड्यांना मागून रेटत राहिली, तीही गेली. ज्या 1500 व्होल्टच्या विजेवर ती चालायची, ती मुंबईत शेवटची वाहिली 2016 च्या एप्रिलमध्ये, हार्बर मार्गावर. तारा त्याच जागी दिसतात, आतला प्रवाह वेगळा आहे. आणि 10 फेब्रुवारी 2023 पासून सोलापूरची वंदे भारत कर्जतला मागे इंजिन न लावता घाट चढते. तिच्या मोटारी डब्याडब्यांखाली वाटलेल्या आहेत, तिला रेटायला कुणी लागत नाही. ती सुंदर चढते. तिचेही फोटो काढा.

पण पुढच्या रविवारी आधी कर्जतला जा. फलाटावर वडापाव घ्या आणि पुण्याकडे जाणारी एखादी लांब गाडी येऊ द्या. सगळे कॅमेरे पुढच्या इंजिनाकडे वळतील. तुम्ही शेवटच्या डब्याशी उभे राहा. दोन किंवा तीन बँकर, म्हणजे गाडीला रेटणारी इंजिनं, मागून हळूहळू येतात, शेवटच्या दोन हातांवर जवळजवळ थांबतात, पॉइंट्समन हात वर करतो, बफर भिडतात, तो मध्ये वाकून जोड लावतो आणि बाहेर येऊन कपाळ पुसतो. त्याला आधी विचारा. परवानगी दिली तर त्याचा चेहरा घ्या, उजेडात, स्पष्ट. गाडी निघाली की तिथेच थांबा, कारण तासा-दीड तासाने तीच इंजिनं लोणावळ्याहून एकमेकांना जोडलेली, डब्यांशिवाय, उतरून परत येतात आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बाजूच्या रुळावर उभी राहतात.